पाय पुरत नाहीत म्हणून गाडी खाली घ्यायची? आधी सीट, मग सॅग, सगळ्यात शेवटी शॉकअप

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. उंची १५७ सेंमी, वजन ५२ किलो. गाडी ॲडव्हेंचर प्रकारातली, सीटची उंची ८३५ मिमी. सिग्नलला थांबलं की दोन्ही पायांची फक्त बोटं टेकतात, उतार असेल तर तीही नाहीत. मेकॅनिक म्हणतो, मागे ४० मिमीची लोअरिंग लिंक (शॉकअप आणि मागच्या चाकामधला जोड बदलून गाडी खाली आणणारा भाग) टाकू, पुढे हात लावायची गरज नाही, तासाभरात काम होईल. टाकावी का?

नुसती मागे अशी लिंक टाकू नका. लिंक हा प्रकारच वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. पण तुमच्या उंचीला आणि विशेषतः तुमच्या वजनाला याहून जास्त फायदा देणारे आणि कमी नुकसान करणारे उपाय आधी करायला हवेत. ते करून झाल्यावर लिंकची गरज बहुतेक वेळा उरतच नाही.

सुरुवातीला हे ठरवा की तुम्हाला नेमकं किती हवं आहे. दोन्ही टाचा सपाट टेकल्या पाहिजेत, असं बरेच जण मनाशी धरून बसतात. तेवढी गरज नसते. दोन्ही चवडे नीट टेकले, किंवा बूड थोडं सरकवून डावा पाय पूर्ण सपाट टेकला आणि उजवा पाय मागच्या ब्रेकवर राहिला, तर गाडी व्यवस्थित सांभाळता येते. बोटांवर उभं राहणं आणि चवड्यांवर उभं राहणं यांत फरक २५ ते ३० मिमीचाच असतो, पण पायातली ताकद जमिनीवर लावता येते ती चवड्यांवरूनच. म्हणजे तुम्हाला ३० ते ४० मिमी मिळवायचे आहेत, आणि ते एकाच जागेवरून मिळवायची सक्ती नाही. स्पेनचा मोटरसायकल शर्यतपटू डॅनी पेड्रोसा याची उंची जेमतेम १.६ मीटर आणि त्याने मोटोजीपीच्या सर्वोच्च गटात ३१ शर्यती जिंकल्या. चालत्या गाडीवर पायांच्या लांबीला फार महत्त्व नाही. अडचण फक्त थांबताना आणि गाडी हाताने हलवताना येते, म्हणून त्या काही सेकंदांसाठी पूर्ण प्रवासातली गाडीची चाल बिघडवायची का, हा खरा हिशेब आहे.

पहिला हात सीटला घाला. सीटची उंची हा आकडा अर्धंच सांगतो. सीट पुढच्या बाजूला रुंद असेल तर मांड्या फाकतात आणि पायाची लांबी बाजूला खर्च होते. ८३५ मिमीची अरुंद सीट ८१० मिमीच्या रुंद सीटपेक्षा सोपी वाटू शकते. बीएमडब्ल्यू याच कारणासाठी सीटच्या उंचीसोबत आणखी एक माप देते: एका पायाच्या जमिनीपासून सीटवरून दुसऱ्या पायाच्या जमिनीपर्यंतची कमान. तुम्हीही टेप घेऊन हे माप काढा. दुसऱ्या कुठल्या गाडीवर पाय नीट पुरत असतील तर तिचंही काढा. नेमकं किती कमी पडतंय ते लगेच कळेल.

कंपनीची कमी उंचीची सीट मिळत असेल तर ती आधी बसवून बघा. नसेल तर सीट बनवणाऱ्या चांगल्या कारागिराकडे जा आणि त्याला दोन गोष्टी सांगा: पुढचं नाक अरुंद करायचं आहे, आणि बसण्याच्या जागेवरून २० मिमी फोम काढायचा आहे. नुसता फोम कापला तर तासाभरात खालचा प्लॅस्टिकचा सांगाडा टोचायला लागतो, म्हणून कापलेल्या जागी जास्त घनतेचा, टणक फोम घालून घ्यायचा. बाजूच्या कडा गोल करायला सांगा. मांडीच्या आतल्या बाजूला जी कड लागते ती घालवली की उंची न बदलताही पाय सरळ खाली जातो. कव्हर शिवायच्या आधी नुसत्या फोमवर बसून बघा, पुन्हा छिला, पुन्हा बसा. सीट खाली गेली की गुडघ्याचा कोन आवळतो, पण तुमच्या उंचीला त्याचा त्रास होणार नाही.

बुटांचंही तसंच. जाड, टणक तळ असलेले रायडिंग बूट घेतले तर १५ ते २० मिमी तिथेच मिळतात. मात्र गिअरचा लिव्हर आणि मागच्या ब्रेकचं पेडल नव्या तळाप्रमाणे जुळवून घ्या, नाहीतर गिअर अर्धवट पडतील.

आता सॅगकडे येतो. या भागात तुमचा सगळ्यात जास्त फायदा आहे आणि नेमका हाच भाग सगळे सोडून देतात.

गाडी उभी केली की स्वतःच्या वजनाने सस्पेन्शन थोडं बसतं, चालक बसला की आणखी बसतं. चाक पूर्ण लोंबकळत असताना आणि चालक बसलेला असताना या दोन मापांतला फरक म्हणजे चालकासह सॅग. रस्त्यावरच्या गाडीला तो एकूण हालचालीच्या साधारण ३० टक्के असावा. म्हणजे मागच्या चाकाची हालचाल १८० मिमी असेल तर ५५ मिमीच्या आसपास. बाकीची हालचाल खड्ड्यात दबण्यासाठी असते, आणि ही ३० टक्के चाकाला खाली जाता यावं म्हणून, कारण रस्ता अचानक खोल गेला तर टायर जमिनीला धरून राहिला पाहिजे.

कंपनी स्प्रिंग निवडते ती साधारण ७५ किलोच्या आसपासचा चालक, शिवाय मागचा माणूस आणि सामान गृहीत धरून. तुम्ही ५२ किलोच्या. तुमच्याखाली ती गाडी पुरेशी बसतच नसणार. अशा वजनाला ५५ मिमीच्या जागी ३५-४० मिमी सॅग दिसणं अगदी नेहमीचं आहे. म्हणजे गाडी तुम्हाला उंच वाटते याचं एक कारण तुमची उंची आणि दुसरं कारण तुमच्यासाठी जास्तच कडक असलेली स्प्रिंग. सॅग जागेवर आणणं याला मी गाडी खाली घेणं म्हणतच नाही. गाडी जिथे बसायला हवी होती तिथे ती येते, एवढंच. त्यात गाडीची चाल सुधारते, खड्ड्यांवर उडणं कमी होतं, आणि वर उंचीही मिळते.

मोजायला तिघं लागतात. एकाने गाडी धरायची, तुम्ही पूर्ण रायडिंगच्या कपड्यांत आणि हेल्मेटसह बसायचं, तिसऱ्याने मोजायचं. मागच्या ॲक्सलपासून बरोबर वर सीटखालच्या पॅनेलवर चिकटपट्टीची खूण करा. पहिलं माप मागचं चाक जमिनीपासून सुटलेलं असताना. दुसरं गाडी चाकांवर, वर कोणी नाही. तिसरं तुम्ही बसलेल्या, पाय फूटरेस्टवर. सस्पेन्शनमध्ये घर्षण असतं, म्हणून दुसऱ्या आणि तिसऱ्या मापाच्या वेळी गाडी एकदा खाली दाबून हळूच वर येऊ द्या आणि मोजा, मग वर उचलून हळूच खाली बसू द्या आणि मोजा, दोन्हींची सरासरी घ्या. पुढेही असंच. पुढे फोर्कच्या नळीला केबल टाय बांधून ठेवला तर नंतर चालवताना फोर्क किती दबतो तेही कळत राहतं.

मग प्रीलोड (स्प्रिंग आधीपासून किती दाबून ठेवली आहे ते) कमी करून चालकासह सॅग ५५ मिमीला आणायचा प्रयत्न करा. प्रीलोड फिरवल्याने स्प्रिंग कडक किंवा मऊ होत नाही, हे लक्षात ठेवा. फक्त गाडी कुठल्या उंचीवर बसते ते बदलतं. प्रीलोड कमी केल्यावर चालकासह सॅग बरोबर आला, पण रिकाम्या गाडीचाच सॅग खूप वाढला, म्हणजे तुम्ही बसल्यावर फारसा फरक पडत नाही, असं दिसलं तर स्प्रिंग तुमच्यासाठी कडक आहे. ती बदलून मऊ स्प्रिंग घालणं हा माझ्या मते तुमच्या गाडीवर होऊ शकणारा सगळ्यात चांगला खर्च आहे. मऊ स्प्रिंग घातली की रिबाउंड डॅम्पिंगही (दबलेला शॉकअप परत वर येताना त्याला होणारा रोध) थोडं सैल करावं लागतं. नाहीतर लागोपाठच्या खड्ड्यांवर शॉकअप दबतो, वर यायच्या आधी पुन्हा दबतो, आणि शेवटी आपटतो.

एक अट आहे. मागे नेहमी कोणी बसत असेल किंवा सामानाच्या पेट्या असतील तर मऊ स्प्रिंग आणि सैल प्रीलोड चालणार नाही. तेव्हा बाहेरून नॉबने प्रीलोड बदलता येणारा शॉकअप असेल तरच हा मार्ग धरा.

आतापर्यंतचा हिशेब करू. सीटचे २० मिमी, नाक अरुंद केल्याने जाणवणारे साधारण १० मिमी, बुटाचे १५, पुढचा-मागचा सॅग जुळवल्याचे सीटवर १५ मिमीच्या आसपास. साठच्या जवळ गेलो आणि गाडीची भूमिती अजून शाबूत आहे.

आता तुमच्या मेकॅनिकची ४० मिमीची लिंक बघू. ४० मिमी हा आकडा मागच्या ॲक्सलपाशी धरलेला असतो. तुम्ही ॲक्सलच्या बरोबर वर बसत नाही, पुढे बसता. व्हीलबेस १४५० मिमी आणि तुमची बसायची जागा मागच्या ॲक्सलपासून ४३० मिमी पुढे धरली, तर सीट खाली जाते २८ मिमी. म्हणजे हातात ४० नाही, २८ येतात.

त्या २८ मिमीसाठी गाडी मागे कलते. ४० भागिले १४५० म्हणजे सुमारे १.६ अंश. पुढच्या फोर्कचा कल तेवढाच वाढतो, ट्रेल (स्टिअरिंगची रेषा जमिनीला जिथे भेटते तिथून टायर टेकण्याच्या जागेपर्यंतचं अंतर) सुमारे १० मिमीने वाढतो. हे आकडे छोटे दिसतात, पण हँडलवर ते स्पष्ट जाणवतात. गाडी वळायला जड होते, वळणात बाहेर बाहेर जाते, आणि पुढच्या चाकावरचं वजन कमी झाल्यामुळे ओल्या रस्त्यावर पुढून येणारी खबर पुसट होते. हळू वेगात, यू-टर्न घेताना, हँडल आत पडल्यासारखं वाटतं. आणि कमी उंचीच्या चालकाची गाडी कलंडते ती बहुतेक वेळा याच हळू वेगाच्या वळणात! ज्या भीतीपोटी लिंक टाकली तीच परिस्थिती अवघड होऊन बसते.

दुसरी गोष्ट मला जास्त काळजीची वाटते. लिंक बदलल्याने शॉकअपची हालचाल कमी होत नाही. चाक आधी जेवढं वर यायचं तेवढंच येणार, फक्त सुरुवात ४० मिमी वरून होणार. म्हणजे पूर्ण दबल्यावर टायर मडगार्डच्या, सीटखालच्या वायरिंगच्या किंवा सायलेन्सरच्या ४० मिमी जवळ जाणार. तेवढी जागा तिथे आहे का, हे बाहेरून बघून कळत नाही. शॉकअपवरची स्प्रिंग काढून, नुसता शॉकअप परत बसवून, चाक जॅकने बंप रबर (शॉकअपचा शेवटचा रबरी अडथळा) पूर्ण दबेपर्यंत वर उचलून बघावं लागतं. कोणीही लिंक टाकणार असेल तर त्याला हे करून दाखवायला सांगा. मी ही तपासणी केल्याशिवाय गाडी परत देत नाही. मागचा टायर वेगात मडगार्डला घासला किंवा वायरिंग कापलं गेलं तर काय होईल हे सांगायला नको.

शिवाय लिंकेजचं गुणोत्तर, म्हणजे चाक किती हललं की शॉकअप किती दबतो ते, बदलतं. बहुतेक गाड्यांत लांब लिंक टाकली की सुरुवातीची हालचाल मऊ होते, पण हे त्या त्या गाडीच्या रचनेवर अवलंबून आहे. काही गाड्यांत खाली घ्यायला लिंक लांब नाही, आखूड लागते. त्यामुळे दुसऱ्या गाडीची लिंक बसते म्हणून टाकू नका. लिंकवर चाकाच्या वजनाच्या कितीतरी पट भार येतो. मऊ पत्र्यातून कापलेल्या लिंकची भोकं लंबगोल होत जातात.

दोन शॉकअपच्या गाड्यांवर हेच काम आखूड शॉकअप लावून करतात. तिथेही प्रश्न तोच: पूर्ण दबलेल्या शॉकअपची लांबी मूळच्यापेक्षा कमी झाली असेल तर टायर मडगार्डला लागणार. स्प्रिंगचे वेढे कापणं तर कोणाच्याच सांगण्यावरून करू नका. कापलेलं टोक सपाट बसत नाही, एका बिंदूवर भार येतो आणि स्प्रिंग तिथून तुटते.

सीट आणि सॅग करूनही कमी पडलंच, तर योग्य मार्ग असा आहे: पुढे-मागे सारखंच खाली घ्यायचं, आणि शक्यतो आतून. शॉकअप उघडून त्याच्या रॉडवर पिस्टन आणि सील हेडच्या मध्ये स्पेसर टाकतात, त्यामुळे शॉकअप पूर्ण उघडतच नाही. फोर्कमध्ये टॉप-आउट स्प्रिंगपाशी (फोर्क पूर्ण उघडताना धक्का सोसणारी छोटी स्प्रिंग) तसाच स्पेसर टाकतात आणि वरच्या प्रीलोडच्या नळीतून तेवढीच लांबी कापतात, म्हणजे प्रीलोड होता तेवढाच राहतो. यात चाकाची हालचाल खरोखर कमी होते, म्हणून पूर्ण दबल्यावर चाक जिथे जायचं तिथेच जातं, कुठेही घासत नाही. भूमितीही तीच राहते. किंमत मोजावी लागते ती हालचालीची: १८० मिमीचे १५० झाले की त्याच खड्ड्याला कमी जागेत थांबवायचं असतं. इथे तुमचं कमी वजन उपयोगी पडतं. जड चालकाला आणखी कडक स्प्रिंग घालावी लागली असती, तुम्हाला कदाचित मूळचीच स्प्रिंग बरोबर बसेल. ठरवण्याआधी पुन्हा सॅग मोजा. शॉकअपमध्ये दाबाखालचा नायट्रोजन असतो, तो घरी किंवा साध्या गॅरेजमध्ये उघडायची वस्तू नाही. सस्पेन्शनचंच काम करणाऱ्याकडे न्या.

२५ ते ३० मिमीच्या पुढे मी जात नाही. त्यानंतर फूटरेस्ट, स्टँड आणि सायलेन्सर वळणात टेकायला लागतात, आणि खडबडीत रस्त्यावर इंजिनखालची प्लेट.

आतून काम करणं शक्य नसेल आणि लिंकच टाकायची ठरली, तर २५ मिमीची टाका आणि पुढचे फोर्क दोन्ही 'टी'मधून (फोर्कच्या नळ्या धरणाऱ्या वरच्या आणि खालच्या पकडींमधून) वर सरकवून पुढूनही तेवढंच खाली घ्या. फोर्क तिरका असतो, त्यामुळे २५ मिमी सरळ खाली यायला तो २८ मिमीच्या आसपास सरकवावा लागतो. दोन्ही नळ्या सारख्याच वर आल्या पाहिजेत, व्हर्नियरने मोजा. उलट्या (जाड नळी वर असलेल्या) फोर्कची बाहेरची नळी सगळीकडे एकाच जाडीची नसते, पकड निमुळत्या भागावर येता कामा नये. टीचे बोल्ट मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कलाच आवळा, जास्त आवळले की नळी दबते आणि फोर्क अडकत चालतो. मग पुढेही पूर्ण दाबून बघायचं: मडगार्ड खालच्या टीला, टायर रेडिएटरला लागतो का, ब्रेकची नळी आणि एबीएसची वायर कुठे ताणली जाते का.

खाली घेतलेल्या गाडीवर हमखास विसरलं जातं ते साइड स्टँड. गाडी खाली आली की तोच स्टँड लांब पडतो, गाडी जवळजवळ सरळ उभी राहते आणि जराशा धक्क्याने उजवीकडे पडते. काम सुरू करायच्या आधी स्टँडवर गाडीचा कल किती आहे ते फोनवरच्या कोनमापकाने मोजून ठेवा. सगळं झाल्यावर, टाकी भरलेली असताना, तोच कल येईपर्यंत स्टँड आखूड करा. कापून जोडताना आत सळई घालून वेल्डिंग करायला सांगा आणि तळाची पट्टी जमिनीला सपाट बसेल अशी लावा. मेन स्टँड असेल तर गाडी त्यावर चढवायला आता जास्त जोर लागेल, तोही तेवढाच आखूड करावा लागतो.

चेनचा ढिलेपणा पुन्हा बघा. पुढचं स्प्रॉकेट, स्विंगआर्मचा (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचा) पिव्होट आणि मागचा ॲक्सल एका रेषेत येतात तेव्हा चेन सगळ्यात ताणलेली असते. गाडी खाली आली की स्विंगआर्म त्या स्थितीच्या जवळ जातो, त्यामुळे मॅन्युअलमधला ढिलेपणाचा आकडा आता तसाच लागू होत नाही. शॉकअप सोडून चाक वर उचला, तिन्ही एका रेषेत आणा आणि त्या जागी थोडा ढिलेपणा उरतो याची खात्री करा. नसेल तर गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर ताण येतो.

हेडलाइटही जुळवा. नुसती मागे ४० मिमीची लिंक टाकली असती तर २५ मीटरवर प्रकाश सुमारे ७० सेंमी वर गेला असता. पुढे-मागे सारखं खाली घेतलं तर हा प्रश्न फारसा येत नाही, तरी भिंतीवर एकदा बघा.

नवी गाडी घ्यायचा विचार कधी आला तर कंपनीकडूनच कमी उंचीची आवृत्ती आहे का ते आधी विचारा, कारण तिथे स्प्रिंग, डॅम्पिंग आणि स्टँड सगळं एकत्र जुळवलेलं असतं. हार्ले-डेव्हिडसनने २०२१ मध्ये पॅन अमेरिका १२५० स्पेशलवर अशी सोय दिली की गाडी थांबायला आली की सस्पेन्शन आपोआप खाली बसतं आणि निघाली की परत उंचीवर येतं. उंची हवी तेव्हाच कमी करायची, चालताना नाही, हा विचार मला पूर्ण पटतो.

तोवर तुमच्या गाडीवर सीट, बूट आणि सॅग एवढं करून काही आठवडे चालवा. मगच शॉकअप उघडायचं का ते ठरवा. उघडलंच, तर पहिल्या दोन-तीनशे किलोमीटरनंतर लिंकचे, टीचे आणि ॲक्सलचे बोल्ट पुन्हा टॉर्कला तपासा, सॅग पुन्हा मोजा आणि आकडे गाडीच्या कागदांसोबत लिहून ठेवा. काढलेली स्प्रिंग, लिंक आणि मूळ सीटचा फोम टाकून देऊ नका. गाडी विकाल तेव्हा ते घेणाऱ्याच्या हवाली करा आणि काय बदललं आहे ते त्याला स्पष्ट सांगा.